अवजाराचे अवजार

जुन्या गावगाड्यात कोणाचे अवजार कोणी करायचे, याचा एक ठरलेला हिशेब असे. शेतकऱ्याचा नांगर सुतार करी, त्याचा फाळ लोहार घडवी. सुताराचा वाकस आणि पटाशी, न्हाव्याचा वस्तरा, चांभाराची रापी, हे सगळे लोहाराच्या भट्टीतूनच बाहेर येई. मग लोहाराचा हातोडा कोण घडवी? तो लोहारच घडवी. आपले अवजार आपणच करू शकणारे धंदे मोजकेच आहेत. त्यातले दोन ठळक, आणि दोन्ही विस्तवाशी खेळणारे: एक लोहार आणि दुसरा ओतारी, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारा.

हा विचार डोक्यात यायला कारण झाले ते एका अमेरिकन गृहस्थांविषयी केलेले वाचन. डेव्हिड गिंजरी हे त्यांचे नाव. मिसुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डचे ते रहिवासी. १९८० पासून त्यांनी भंगारातून घरच्या घरी धातुकामाचे वर्कशॉप कसे उभारावे यावर सात छोटी पुस्तके काढली. २००४ साली ते वारले. त्यांचे पहिले पुस्तक कुठल्याही यंत्राचे नाही, ते कोळशाच्या भट्टीचे आहे. आधी भट्टी, मग लेथ, मग शेपर, मिलिंग मशीन, ड्रिल, असा क्रम. म्हणजे विस्तव हाती आला की बाकी सारे त्यातून निघते, अशी त्यांची मांडणी.

आता भंगारातले ॲल्युमिनियमच का, असा प्रश्न वाचकांना पडेल. उत्तर सोपे आहे. लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस उष्णता लागते, ओतीव बीडाला साधारण साडेअकराशे ते बाराशे, पितळेला नऊशेच्या आसपास. ॲल्युमिनियम ६६० अंशांवरच पाणी होते. एखाद्या बादलीला आतून मातीचा जाड लेप देऊन, कोळसा भरून, हवेचा झोत सोडला की तेवढी उष्णता मिळते. आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात ज्यांना जर्मलची भांडी म्हणत तो हाच धातू. मात्र ओतकामाला भांड्यांपेक्षा मोटारीचे जुने पिस्टन चांगले, कारण त्यांचा मिश्रधातू मुळातच ओतण्यासाठी बनवलेला असतो. पत्र्याची भांडी वितळवली की मळीच फार निघते.

गिंजरींच्या लेथमधली मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी, की तो लेथ अर्धवट असतानाच स्वतःला पुरा करायला मदत करतो. आधी त्याचा पाया, म्हणजे बेड, ओतायचा. त्यावर पोलादी पट्टी बसवून ती स्क्रेपरने खरवडत सपाट करायची. मग त्या बेडवर सरकणारा कॅरेज बसवायचा. आणि ज्या हेडस्टॉकमध्ये मुख्य दांडा फिरायचा, त्याचे भोक त्याच बेडवर, त्याच कॅरेजच्या साहाय्याने कोरायचे. म्हणजे भोक आणि बेड आपोआप एका रेषेत येतात. बाळाने आपल्याच पाळण्याच्या दोऱ्या वळाव्यात, तसला हा प्रकार!

माझे मामा गोव्यातल्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. खनिज वाहणाऱ्या बार्जेसची कामे तिथे येत. लेथ म्हणजे 'सगळ्या यंत्रांची आवय' असे ते म्हणत. लहानपणी तो मला नुसता कौतुकाचा शब्द वाटे. पण त्यात तंतोतंत अर्थ आहे. शिवणयंत्र दुसरे शिवणयंत्र करू शकत नाही, पिठाची गिरणी दुसरी गिरणी करू शकत नाही. लेथ मात्र दुसऱ्या लेथचे बहुतेक सगळे गोल भाग कातून देऊ शकतो.

हे सगळे वाचताना माझे मन सारखे आदिलाबादकडे जात होते. गोव्यात बसून आदिलाबाद कुठून आठवावे? ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने तिथल्या राजगोंडांवर लिहिलेले वाचल्यापासून त्या मुलखाने मला धरून ठेवले आहे. १९४० साली कोमुरम भीम यांचा उठाव निजाम सरकारने जोडेघाटला गोळ्या घालून मोडला. त्यानंतर, १९४१ पासून, हायमेनडॉर्फ आणि त्यांच्या पत्नी बेट्टी मारलवाई या गोंड खेड्यात राहून अभ्यास करू लागले. दोघांच्या समाध्याही तिथेच आहेत. त्या मुलखाचे मराठीशी जुने नाते आहे. गोंडांच्या कुळकथा गाणारे परधान देवापुढे गोंडीत गातात, पण त्यांच्या घरची भाषा मराठी. नांदेडचे किनवट आणि चंद्रपूरचे राजुरा १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. पुढे २०१४ साली तेलंगण झाले आणि २०१६ मध्ये या जिल्ह्याचे चार तुकडे झाले. मी ज्या ओताऱ्यांबद्दल लिहिणार आहे त्यांची गावे आता कोमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडतात, पण त्यांच्या कामाचे नाव मात्र आदिलाबादचेच राहिले आहे.

हे ओतारी म्हणजे उशेगाव, केसलागुडा वगैरे खेड्यांतला वोज समाज. त्यांना ओझा असेही म्हणतात. 'आदिलाबाद डोक्रा' म्हणून त्यांच्या कामाला २०१८ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. देवांच्या मूर्ती, घंटा, दिवे, प्राणी, दागिने, नाचणाऱ्यांच्या पायातली घुंगरे, असे सगळे ते पितळेत ओततात. दिवाळीच्या दिवसांत मोरपिसांचे भले मोठे मुकुट घालून नाचणारे गुसाडी पाहिले, की गोंडांच्या सणाला वाजणाऱ्या धातूची किती गरज असते ते कळते. गोंडांचा देव आणि गोंडांचा नाच, दोघांनाही ओताऱ्याचा हात लागतो.

त्यांची रीत अशी. आधी मातीचा गाभा करायचा. त्यावर मेण आणि राळ यांच्या बारीक शेवया गुंडाळून हवा तो आकार उभा करायचा. घोड्याची आयाळ, देवीच्या बांगड्या, सगळे मेणाचेच. मग त्यावर आधी मऊ आणि नंतर भरड मातीचे थर द्यायचे आणि धातू आत जायला वाट ठेवायची. भट्टीत ठेवले की मेण वितळून निघून जाते आणि त्याच्या जागी पोकळी उरते. त्या पोकळीत मोडीचे पितळ वितळवून सोडायचे. निवले की माती फोडायची. मोहेंजोदडोची नर्तिका याच जातीच्या ओतकामाची. गोदावरीच्याच खोऱ्यात, प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार ओतीव शिल्पे सापडली. चारांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. या नदीच्या काठी धातू ओतण्याची कला किती जुनी आहे, याची ही साक्ष.

ओतकामच नव्हे, पोलादाचेही हेच. निर्मळजवळ गोदावरीकाठच्या दिमदुर्तीच्या खाणींतले चुंबकी लोखंड, आणि नदीच्या दक्षिणेला निजामाबादकडचे कोनासमुद्रम हे पोलाद करणाऱ्यांचे गाव. लॅम्बटनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातला वैद्य आणि भूगर्भतज्ज्ञ हेन्री व्हॉयसी याने तिथली कृती पाहून लिहून ठेवली. १८२४ साली तो वारला आणि १८३२ साली त्याचे टिपण छापले गेले. दोन ठिकाणचे लोखंड एकत्र करून मातीच्या बंद मुशीत ते तापवत. हे पोलाद न्यायला थेट इराणातले व्यापारी येत. दमास्कसच्या तलवारी म्हणून जगात ज्यांचे नाव झाले, त्यांच्यामागे या मुशी होत्या. इराणी जाणकारांनी ही कृती आपल्या देशात करून पाहिली, पण त्यांना ती साधली नाही, असे जुन्या गॅझेटियरात नमूद आहे.

आता माझ्या मनातला खरा प्रश्न. ज्या मुलखात मूस होती, भाता होता, भट्टी होती, पोलाद होते, पितळ होते, आणि ही सगळी अवजारे लोक स्वतःच्या हाताने करत होते, तिथे यंत्र का जन्माला आले नाही?

'आपले लोक मागासलेले' हे त्याचे तयार उत्तर आहे. ते मला पटत नाही. ज्याला मेणाच्या शेवयांतून घोडा उभा करता येतो, त्याच्या बुद्धीत किंवा बोटांत काही कमी आहे असे कोण म्हणेल? अडचण दुसरीकडे होती. डोक्र्याचा साचा एकदाच वापरता येतो. वस्तू काढायची तर साचा फोडावा लागतो. त्यामुळे कुठलेही दोन घोडे अगदी सारखे नसतात, आणि तेच त्यांचे सौंदर्य. यंत्राला नेमके उलटे हवे असते. तिथे दहावा स्क्रू पहिल्या नटमध्ये बसला पाहिजे.

म्हणजे यंत्राला विस्तवाखेरीज आणखी दोन गोष्टी लागतात: एक खरोखर सपाट पृष्ठभाग आणि एक अचूक स्क्रू. अचूक स्क्रू कातणारा लेथ इंग्लंडमध्ये हेन्री मॉडस्ले याने १८०० च्या सुमारास सिद्ध केला. सपाटपणाची युक्ती त्याच्याच हाताखाली काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने सर्वांना घालून दिली. ती इतकी साधी आहे, की सांगितल्यावाचून राहवत नाही. दोन पाट्या एकमेकींवर रंग लावून घासल्या आणि उंचवटे खरवडत गेले, तर त्या एकमेकींशी जुळतात खऱ्या, पण एक किंचित फुगीर आणि दुसरी तितकीच खोलगट असू शकते. म्हणून तिसरी पाटी घ्यायची. तिन्ही एकमेकींशी आळीपाळीने जुळवत गेले, की तिघींना सपाट झाल्यावाचून गत्यंतरच उरत नाही. यात कुठलेही यंत्र लागत नाही. लागतो तो स्क्रेपर, थोडा रंग आणि अपार चिकाटी.

हे ज्ञान उशेगावला पोचण्यासारखे नव्हते असे नाही, पण ते पोचवायला कोणी गेले नाही. उलट भट्टीचा आधारच निसटत गेला. कोळसा जंगलातून येतो. निजामाच्या राजवटीत जंगले राखीव होत गेली तशी गोंडांची शेती गेली, आणि जंगलावर जगणाऱ्या प्रत्येकाचे हातपाय बांधले गेले. कोमुरम भीम यांच्या उठावाचे मूळ तिथेच आहे. दुसरीकडे विलायती कारखान्यांचे स्वस्त पोलाद बाजारात आले आणि मुशीतले पोलाद करणाऱ्याला गिऱ्हाईक उरले नाही. लोहाराच्या भट्टीला मग शेताच्या अवजारांपुरतेच काम राहिले, आणि ओताऱ्याची भट्टी चालू राहिली ती देवाच्या आणि सणाच्या कृपेने.

आता याच्या शेजारी आपल्याच एका माणसाची गोष्ट ठेवून पाहा. लक्ष्मणराव किर्लोस्कर, जन्म २० जून १८६९, गुर्लहोसूर, बेळगाव जिल्हा. संगीत नाटकामुळे आम्हा गोमंतकीयांना किर्लोस्कर हे नाव घरचेच. लक्ष्मणराव मुंबईला चित्रकला शिकायला गेले, पण रंगांतला फरक नीट कळत नाही म्हणून यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढे त्यांनी व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवले. १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान निघाले, मग कडबा कापायचे यंत्र आले, १९०३ मध्ये लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीला विष बाधते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी जमीन आणि दहा हजार रुपये दिले, आणि १९१० साली कुंडल रोड स्टेशनापाशी किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात कच्चे लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून त्यांचे नांगर केल्याची हकीकत पुष्कळांनी सांगितली आहे. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन काळात, १९४१ साली, हरिहरला मैसूर किर्लोस्कर निघाली. तिथे तयार होऊ लागले ते लेथ. ज्या घराण्याने कडबा कापण्याच्या यंत्रापासून सुरुवात केली, त्याने चाळीसेक वर्षांत यंत्रांची आई जन्माला घातली.

लक्ष्मणरावांचे कर्तृत्व मोठेच. पण त्यांच्यापाशी ज्या तीन गोष्टी होत्या त्या वोज ओताऱ्यापाशी नव्हत्या, हेही पाहायला हवे. त्यांना कागदावर मापे घालून चित्र काढता येत होते. त्यांना छापलेले तंत्र वाचता येत होते. आणि त्यांना एक औंध मिळाले. विस्तव दोघांपाशी होता, पण लेथपर्यंत पोचला तो एकच. फरक पडला तो माप, अक्षर आणि आश्रय यांनी.

आणि आम्ही गोवेकर तरी काय वेगळे? पोर्तुगीज काळात जुन्या गोव्यात तोफा ओतण्याचे मोठे काम चाले. पेद्रो दियश बोकारो हा तिथला नामांकित ओतारी. त्याचा मुलगा मानुएल सतराव्या शतकात मकावला गेला आणि तिथली तोफांची ओतशाळा त्याने नावारूपाला आणली. आमच्या कासारांनी पितळेच्या समया घराघरांत पोचवल्या. डिचोलीच्या बाजूला कांसारपाल हे गाव त्यांचेच नाव मिरवीत उभे आहे. पण तोफेची भट्टी राजाबरोबर गेली, आणि समईची भट्टी देवघरापुरती राहिली. यंत्र आम्हालाही बाहेरूनच विकत आणावे लागले. २०१२ साली खाणी बंद पडल्या तसे बार्जेसचे काम गेले. मामांचे वर्कशॉप बंद झाले तेव्हा तिथला लेथ किलोच्या भावाने भंगारात गेला. असला लेथ उभा करायला काय लागते हे माहीत असलेला एकही माणूस त्या वर्कशॉपात नव्हता. तो चालवणारे मात्र अनेक होते. हे मला मामांनीच सांगितले, आणि लेथ गेल्यापेक्षा त्यांना याचेच वाईट वाटत होते.

मी सरकारी कचेरीत काम करतो. त्यामुळे 'टूलकिट वाटप' हा शब्द मला नवा नाही. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांतल्या कारागिरांना अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांची मदत ठेवली आहे. चांगलीच गोष्ट आहे. गरजू माणसाच्या हाती अवजार पडते, त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण त्या अठरा व्यवसायांच्या यादीत एक व्यवसाय असा आहे, की तो वाचून मी थबकलो. तो म्हणजे हातोडा आणि अवजारसंच बनवणारा. अवजार करणाऱ्यालाही आपण अवजार विकत घ्यायलाच पैसे देणार! आणि ओतारी किंवा कासार असे स्वतंत्र नाव त्या अठरांत दिसत नाही.

कोणी म्हणेल, आज लहान लेथ घरबसल्या मागवता येतो, मग भंगारातून कशाला करायचा? म्हणणे बरोबर आहे. घरी ओतलेला ॲल्युमिनियमचा लेथ कारखान्यातल्या बीडाच्या लेथची बरोबरी करणार नाही. तो हलका असतो, जाड पोलादाचा काप घेताना थरथरतो. कोळशाचा आणि श्रमांचा हिशेब मांडला तर फारसा स्वस्तही पडत नाही. शिवाय काम धोक्याचे. साच्यात पाण्याचा अंश जास्त राहिला तर वाफ होऊन वितळलेला धातू अंगावर उडतो. पण अशा लेथची किंमत त्याच्या कामापेक्षा त्याच्या शिक्षणात आहे. ज्याने तो केला त्याला प्रत्येक भाग का आहे ते ठाऊक असते. तो बिघडला तर तो माणूस हताश होऊन बसत नाही. आणि त्याला दुसरा लेथ करता येतो.

वोज ओताऱ्याला यातले अर्धे आधीच येते. धातू कधी ओतायचा हे त्याला वितळलेल्या रसाच्या रंगावरून कळते. वाट कुठे ठेवावी, हवा कुठून निघावी, माती किती वाळू द्यावी, हे आयटीआयच्या मुलाला शिकायला महिने लागतील. आयटीआयच्या मुलापाशी दुसरे अर्धे आहे: माप, ड्रॉइंग, स्क्रेपर, मायक्रोमीटर. या दोघांना एका भट्टीपाशी बसवणारी योजना निदान माझ्या टेबलावरून तरी अजून गेलेली नाही. तिला फार पैसा लागणार नाही. भंगारातले पाचपंचवीस पिस्टन, दोन पोती कोळसा, आणि एक वर्ष पुरेल इतका धीर लागेल.

यात डोक्र्याचे काय होईल, असे कोणाला वाटेल. लेथ आला म्हणून मेणाचा घोडा संपेल असे मला वाटत नाही. घोडा दरवेळी वेगळाच व्हायला हवा आणि स्क्रू दरवेळी तोच व्हायला हवा. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला आल्या तर त्यात वाईट काय? आज त्या माणसाला आपण प्रदर्शनात मांडतो, त्याचा घोडा दिवाणखान्यात ठेवतो आणि त्याच्या मुलाला शहरात मजुरीला जाताना पाहतो. भौगोलिक निर्देशांकाने त्याच्या वस्तूचे नाव राखले. त्याच्या हातातले तंत्र पुढे नेण्याचे काम अजून बाकी आहे.

तुमच्या घरात, वाड्यात, जुन्या वर्कशॉपात कोणी स्वतः ओतलेले किंवा स्वतः घडवलेले अवजार असेल, तर ते एकदा हातात घेऊन पाहा. मुठीपाशी बोटांच्या खुणा असतील. भंगारवाल्याला द्यायच्या आधी, ते करणारा माणूस हयात असेल तर त्याला विचारून घ्या, कसे केले.